पूल मोडला त्या आठवड्यातली वाटणी

साय फार गार असली की लोणी येत नाही. फार कोमट असली तर येतं, पण पांढरं आणि मऊ येतं, टिकत नाही. गेनेरिस दर वेळी करंगळी बुडवून पाहायची. गारवा जाणवला पाहिजे, पण बोट आखडता कामा नये. आज साय गार होती. घुसळताना लाकडी भांड्यातून येणारा आवाज सकाळपासून बदललाच नव्हता. लोणी धरू लागलं की तो जड होतो, आणि ते कानाआधी तिच्या खांद्याला कळत असे. तिने भांडं चुलीकडे हातभर सरकवलं आणि पुन्हा रवी हातात घेतली.

"हात भरून आले तर सांग," ब्लेदिनकाका म्हणाले. ते चुलीपलीकडे पाय पसरून बसले होते.

"सांगितलं तर काय कराल, भावोजी?"

"वाईट वाटून घेईन."

ब्लेदिन हे मादोगचे, तिच्या नवऱ्याचे, थोरले भाऊ आणि या खोऱ्यातल्या घराण्याचे वडीलधारे. त्यांच्या समोर झाल्याशिवाय जमिनीची वाटणी पक्की होत नसे. मादोगला जाऊन वर्ष झालं होतं. आधी सुतक, मग हिवाळा, मग वसंतात दक्षिणेकडून आलेल्या लढाईच्या बातम्या, आणि शेवटी लढाईच दाराशी आली. गेल्या आठवड्यात थोरल्या टेकडीखाली आपल्या लोकांनी नॉर्मनांना तेवी नदीत लोटलं होतं. गेनेरिसची दोन्ही मुलं परत आली होती. त्यामुळे आता वाटणी पुढे ढकलायला कारण उरलं नव्हतं.

"माझा घोडा गेला," काका म्हणाले. "काय घोडा होता. आणि पोराच्या मांडीत बाण. वैद्य म्हणतो, चालायला लागेल."

"घोडा?"

"पोरगा! घोडा मेला म्हणून सांगतोय ना."

ती हसली. खांद्याला अजून काही कळलं नव्हतं.

*

ओढ्याकाठच्या कुरणात गेनेरिसचा धाकटा मुलगा हेलिन हद्दीसाठी हेझलच्या काठ्या ठोकत होता. त्याच्या एकाच पायात बूट होता. दुसरा पाय त्याने गोणपाटात बांधला होता.

खोऱ्याचा रिवाज साधा होता. वाटे धाकट्याने करायचे आणि आधी उचलायचं थोरल्याने. त्यामुळे वाटे करणाऱ्याला लबाडी करता येत नाही. जरा चांगला केलेला वाटा दुसराच उचलून नेणार हे त्याला माहीत असतं. मादोगने मुलांना हे भाकरीवर शिकवलं होतं. ओटची भाकरी हेलिनने मोडायची, मग इथेल, मग मोर्विद, उरेल तो तुकडा हेलिनचा. पाच वर्षांचा असताना त्याने एक तुकडा मोठा मोडला आणि कोणी घेऊ नये म्हणून तो चाटून ठेवला. इथेलने तरीही तोच उचलला होता.

"ही काठी वाकडी आहे," इथेल म्हणाला. तो हेलिनहून दहा वर्षांनी मोठा होता. धाकट्याचं काम बघायला नको होतं, पण राहवलं नव्हतं.

"काठी वाकडी आहे. हद्द सरळ आहे."

"दुसरा बूट सापडला?"

"थोरल्या टेकडीखाली चिखलात आहे. जिंकलेल्या जमिनीवर आपलं काहीतरी असावं, म्हणून ठेवला."

"पळताना निसटला."

"पुढे पळताना, दादा. मागे नाही." हेलिनने पुढची काठी उचलली. "एफाचा बाप लग्नाचं बोलताना विचारत होता, हे कुरण माझ्या वाट्याला किती येणार. म्हटलं, आधी दादा उचलतो. तो म्हणाला, तुझा दादा मूर्ख आहे का? म्हटलं, सकाळी असतो."

"अर्धं येईल," इथेल म्हणाला. "आणि गवताच्या अर्ध्या गंज्या. एफाला पुरेल तेवढ्यात."

"एफाला पुरेल. तिच्या बापाला पुरायला हवं."

पायवाटेवर कोणीतरी येत होतं. बाई होती आणि तिच्या पाठीवर शालीत बांधलेलं मूल होतं. चढावर ती उजवा पाय किंचित बाहेर टाकत होती. ती चाल इथेलने लहानपणी रोज पाहिली होती. त्याने हातोडा उचलला आणि आधीच पक्की बसलेली काठी आणखी दोनदा ठोकली.

"ताई!" हेलिन ओरडला आणि एका बुटावर पळत सुटला.

*

गेनेरिसने मुलीला दारातच धरलं. पाच वर्षांनी मोर्विद या उंबऱ्यावर उभी होती. गेनेरिसने आधी तिची ओली शाल काढली, मग पोराला खाली उतरवलं, त्याचे पाय चोळले आणि मग सावकाश मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. जावई गेला हे तिथेच दिसत होतं, विचारायची गरज नव्हती.

"पुलावर," मोर्विद म्हणाली.

"हं," गेनेरिस म्हणाली आणि तिला छातीशी घेतलं.

त्या दोघी बराच वेळ तशाच राहिल्या. भांड्यातली साय पुन्हा गार होईल म्हणून ब्लेदिनकाका उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि नाइलाजाने रवी हातात घेतली. चार वर्षांचं पोर त्यांच्यासमोर जाऊन उभं राहिलं. त्याचे केस तांबडे होते.

"तुम्ही उलटं करताय," ते म्हणालं.

"काय उलटं?"

"आई असं करते. आधी हळू, मग जोरात."

काका थांबले. "याला आपली भाषा येते?"

"दुसरी धड येतच नाही, काका," मोर्विद म्हणाली. "बापाचे शब्द हाच सुधारतो." मग तिने ओठ मिटले. "सुधारायचा."

"नाव काय रे?"

"राउल."

"कसलं नाव हे. जिभेला टेकत नाही." काकांनी पुन्हा घुसळायला सुरुवात केली, आधी हळू, मग जोरात.

पेज खाऊन झाल्यावर मोर्विदने सगळं एकाच स्वरात सांगितलं. लढाई झाली तेव्हा ती आणि राउल अबेरतेवीच्या गावात होते. गाव जळालं. किल्ला अजून नॉर्मनांकडेच आहे. तिच्या नॉर्मन नवऱ्याचं, ओस्बेरचं, प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं. त्याच्या भावाला, गिल्बेरला, प्रेतं पुरायची परवानगी मिळाली होती. नदीच्या मुखाशी देवळाजवळ त्याची होडी लागली आहे. उद्या भरती आली की ती निघेल.

"गिल्बेर वाईट माणूस नाही," ती म्हणाली. "रडत होता. म्हणाला, पोर आमचं आहे, तू आलीस तर तुलाही ठेवतो. त्याच्या देशात मी कोणाला ओळखत नाही. त्यांच्या चुलीपाशी मी पाहुणी म्हणूनच राहीन. पण राउलला तिथे काका आहे, नाव आहे. इथे त्याला काय आहे, ते विचारायला आलेय. इथे त्याचं काही असेल तर मी राहते. नसेल, तर पहाटे निघते."

उत्तर एका जुन्या प्रश्नावर अडलं होतं, आणि तो प्रश्न सगळ्यांना पाठ होता.

शेवटी काकांनीच तो उच्चारला. "परक्याला मुलगी घरच्यांनी दिली असेल, तर तिच्या मुलाला आईच्या माहेरी जमिनीचा वाटा मिळतो. कारण बापाकडून त्याला इथे ना घर, ना भाऊबंद. पण ती आपल्या मनाने गेली असेल, तर काही नाही. तो पाहुणा. राहील, खाईल, पण उद्या कोणी त्याला मारलं तर जाब विचारणारं कोणी नाही." त्यांनी रवी बाजूला ठेवली. "तर, ही दिली होती की गेली होती?"

"दिली होती," गेनेरिस म्हणाली.

"जमिनीच्या बाबतीत तुझा शब्द..."

"चालत नाही. माहीत आहे. या जमिनीतले दगड वेचायला माझे हात चालले, तेही माहीत आहे."

"मी रिवाज केला नाही, गेनेरिस."

"मोडलाही नाहीत कधी."

"मी सांगतो ना," हेलिन म्हणाला. "ओस्बेर बाबांकडे मागणी घालायला तीनदा आला होता. एकदा बाबा म्हणाले, गाय विणार आहे, मग बघू. एकदा म्हणाले, गवत कापून होऊ दे. तिसऱ्या वेळी त्याने आणलेली बिअर पूर्ण प्यायले आणि म्हणाले, आभाळ भरलंय, तू आता निघ. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. शेवटी ताईच निघाली. ओढ्यापर्यंत तिची कढई मी पोहोचवली. पळवून नेलेल्या मुलीची कढई तिचा भाऊ पोहोचवतो का?"

"चांगला मुद्दा आहे," काका म्हणाले. "तेव्हा तुझं वय काय होतं?"

हेलिन घुटमळला. "जवळजवळ चौदा."

"जवळजवळ."

"पेरणी झाली की चौदा होणार होता," गेनेरिस म्हणाली. तिला मुलाच्या वयाबद्दल खोटं सांगता येईना, आणि लगेच तिला स्वतःचाच रागही आला.

"मग तू मोजला जात नाहीस," काका म्हणाले. "चौदाव्या वर्षाआधी मुलगा बापाच्या ताटात जेवतो, शब्दही बापाचाच असतो. आता मात्र मोजला जातोस. तुझा आणि इथेलचा शब्द एक झाला पाहिजे. आज अंधार पडायच्या आत सांगा, पोरीला पहाटे निघायचं असेल तर झोपायला हवं."

हेलिनने मान हलवली. त्याच्या तोंडावर काय चाललंय ते गेनेरिसला स्पष्ट दिसलं. दोन वाट्यांत ओढ्याकाठचं अर्धं कुरण येतं. तीन वाट्यांत ते दोन गाईंनाही पुरत नाही, आणि एफाच्या बापाला गाई मोजता येतात. ताईसाठी धावत गेलेला हाच मुलगा आता हातांकडे पाहत होता. तिला त्याची चीड आली नाही. हिशोब खरा होता.

"मी जरा बाहेर जाऊन येतो," हेलिन म्हणाला.

*

इथेल कुरणातच होता. मोर्विद ओढ्यापाशी येऊन उभी राहिली. दोघांमध्ये काठ्यांची रांग होती.

"घरात येणार नाहीस?"

"येईन."

"तूच म्हणाला होतास, पुन्हा या वाटेला येऊ नकोस म्हणून. मी पाच वर्षं ऐकलं. माझ्यासारखी आज्ञाधारक बहीण शोधून सापडायची नाही."

"मोर्विद."

"काय?"

त्याने हातोडा खाली ठेवला. "मी त्याला पाहिलं."

ती काठी धरून उभी राहिली. इथेलला लढाईबद्दल बोलायचं नव्हतं. परत आल्यापासून खोऱ्यातल्या प्रत्येक घरात ती गोष्ट निदान एकदा सांगून झाली होती. टेकडीवर आपले लोक, पुढे धनुष्यवाले, खाली चिलखती घोडेस्वार, त्यांचा हल्ला चढावर कसा मंदावला आणि कसा फुटला. तो नुसता मान हलवत बसायचा. आता त्याने शब्द एकेक करून काढले.

"त्यांची फळी फुटली आणि सगळे नदीकडे पळाले. आम्ही मागे. पुलावर एकदम गर्दी झाली. सैनिक, गावातली माणसं, गाढवं, घोडे. लोक म्हणतात पूल माणसांनी मोडला. मी पाहिलं, घोड्यांनी मोडला. ते मधोमध अडकले आणि जागच्या जागी पाय आपटायला लागले. लाकूड एका बाजूने वाकलं की पुढचं वजन आपोआप तिकडेच सरकतं. मग काही थांबत नाही."

"तो कुठे होता?"

"अलीकडच्या तोंडाशी. पळत नव्हता. तलवार आडवी धरून लोकांना अडवत होता. एकेक जा, म्हणून ओरडत होता. आधी त्यांच्या भाषेत, मग आपल्या. गावातल्या आपल्या बायकापोरांना कळावं म्हणून." इथेल थांबला. "मोर्विद, तो तुझ्यासारखं बोलत होता. तुझे हेल. 'ओढा'मधला 'ढा' लांबवतेस ना, तसा. मला क्षणभर वाटलं तूच तिथे आहेस. मी वळलो. तेवढ्यात मागून लोंढा आला आणि तो पुलावर ढकलला गेला. मग पूल नव्हताच."

मोर्विद काठीवर कपाळ टेकून रडली. इथेलने काठ्यांची रांग ओलांडली आणि तिच्या शेजारी उभा राहिला. काही वेळाने त्याने आपली बाही पुढे केली, लहानपणी करायचा तशी. तिने नाक पुसलं.

"घाणेरडी आहे बाही," ती म्हणाली.

"लढाईवरून आलोय."

"आठवडा झाला त्याला."

"आई ओरडली, पण धुतली नाही."

ती हसली, मग पुन्हा रडली. पाणी नेहमीपेक्षा जास्त वेगाने वाहत होतं, डोंगरात पाऊस असावा. "तू खोटं बोलावंस असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "मला माहीत आहे, बाबांनी मला दिली नव्हती. नाही म्हणाले असते तर भांडले तरी असते. त्यांनी ते तसंच ठेवून दिलं, आणि तसंच ठेवून गेले."

"हं."

"तुलाही ठेवून द्यायचं असेल तर ठेव. फक्त आज सांग."

मग ती परत फिरली. चढावर उजवा पाय किंचित बाहेर टाकत गेली.

*

उजेड मावळायच्या आत सगळे चुलीभोवती बसले. लोणी आलं होतं. काकांनी ते तीनदा सगळ्यांना दाखवलं. राउल त्यांच्या मांडीवर बसून लोणी लावलेली भाकरी खात होता, आणि काकांची दाढी मध्ये येत होती म्हणून ती बाजूला सारत होता.

हेलिन सर्वांत शेवटी आला. कोपरापर्यंत चिखल, गोणपाटही कुठेतरी निसटलेलं.

"कुठे होतास?" गेनेरिस म्हणाली.

"काठ्या उपटत होतो. पुन्हा ठोकत होतो." तो चुलीजवळ बसला आणि हात शेकू लागला. "तीन वाटे केलेत. ओढ्याचं कुरण आडवं नाही कापता येत, प्रत्येकाला पाणी मिळालं पाहिजे. म्हणून उभे पट्टे पाडलेत. अरुंद आहेत, पण बरोबर आहेत."

"तीन कोणी सांगितले?" काका म्हणाले. "अजून ठरलं नाही."

"वाटे करणारा मी. किती माणसं आहेत ते मला मोजता येतं."

"आणि एफाचा बाप?"

"त्याला सांगीन की कुरण छोटं आहे, पण भाचा मोठा होणार आहे. गवत कापायला येईल." हेलिनने राउलकडे पाहिलं. "येशील ना रे?"

"मला कोयता नाही," राउल म्हणाला.

"देऊ."

गेनेरिसने धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चिखलाचा एक गोळा केसांतून काढला. आता सगळे इथेलकडे पाहत होते.

काकांनी पोराला मांडीवर नीट बसवलं. त्यांचा आवाज बदलला, घराण्याच्या वडीलधाऱ्याचा झाला. "इथेल. ही निघाली त्या सकाळी तू कुठे होतास?"

"वर. दलदलीत, चुलीत जाळायच्या मातीच्या वड्या कापत होतो."

"तिथून ओढा दिसतो."

"सगळं दिसतं."

"मुलगी पळवून नेताना दिसली तर घरच्या माणसाने शिंग फुंकायचं असतं. शेजारी धावून येतात. तुझ्या कमरेला शिंग होतं?"

"होतं."

"फुंकलं नाहीस."

"तोंडाला लावलं होतं," इथेल म्हणाला. तो मोर्विदकडे पाहत नव्हता. "पुढे ती चालली होती, मान ताठ, मागे एकदाही बघत नव्हती. आणि तिच्या मागे हा, हेलिन, कढई डोक्यावर उलटी घालून. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. झुडपाला धडकला, पडला, उठला आणि कढईतूनच तिला हाका मारत पुन्हा चालायला लागला. ताई थांब, ताई थांब. घुमत होतं सगळ्या खोऱ्यात. मला हसू आलं, काका. हसताना शिंग फुंकता येत नाही. ओठ जुळत नाहीत. हसू थांबलं तोवर ती ओढ्यापलीकडे गेली होती. मग मी रागावलो. पण ते नंतर."

हेलिनने तोंड लपवलं. मोर्विद डोळे पुसत होती, हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

"हे तू कधी सांगितलं नाहीस," गेनेरिस म्हणाली.

"कोणी विचारलं नाही. बाबांनीसुद्धा. आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसायचो आणि गवताबद्दल बोलायचो."

काकांनी चुलीकडे पाहिलं. लालसर वड्यांच्या कडा पांढऱ्या होत होत्या. "शिंग फुंकलं नाही, म्हणून पळवली म्हणता येत नाही," ते म्हणाले. "शब्द नाही, म्हणून दिली म्हणता येत नाही. मादोगने हे अर्धवट सोडलं. माझा भाऊ होता, मी त्याच्यावर जीव टाकायचो, पण सगळ्याच गोष्टी तो अर्धवट सोडायचा. वरच्या गोठ्याला अजून दार नाही." त्यांनी घसा साफ केला. "तो गेला त्या दिवसापासून ही मुलगी देणं न देणं तुझ्याकडे आलंय, इथेल. वर्षभर तुझ्याकडेच होतं. हसण्यावर मी जमीन देऊ शकत नाही. मला शब्द हवा. एकदाच विचारतो. या घरातून मोर्विद दिली होती की गेली होती?"

राउलने भाकरी खायची थांबवली. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला.

इथेल उभा राहिला. असं काही बोलायचं असेल तर उभं राहूनच बोलायचं असतं. त्याने पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं, मग तिच्या तांबड्या केसांच्या मुलाकडे.

"गेली नव्हती," तो म्हणाला. "मोर्विद आम्ही दिली होती. तिचा मुलगा या घराचा आहे."